चौदा कोंबड्या, शंभर डोसची बाटली

दहावीची परीक्षा संपली आणि माझा भाचा बटेर पाळायला लागला. कराडजवळच्या त्यांच्या गावच्या घरात जिन्याखाली एक अडगळीची जागा आहे. तिथे थर्माकोलचं खोकं, आत 40 वॅटचे दोन बल्ब, ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट आणि ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, एवढ्यावर त्याचं उबवणी यंत्र उभं राहिलं. एका पोल्ट्रीवाल्याकडून त्याने 48 अंडी आणली. तापमान साडेसदतीस अंश ठेवायचं, दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची, चौदाव्या दिवसानंतर हात लावायचा नाही आणि सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर यायची वाट बघायची. पंधराव्या रात्री वीज गेली. चार तास आली नाही. घरातल्या सगळ्या गोधड्या खोक्यावर पडल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत गेल्या, माझी बहीण रात्री दोनला गॅसवर पातेलं ठेवून उभी होती.

अकरा पिल्लं निघाली. बटेरचं पिल्लू अंगठ्याच्या पेराएवढं असतं, तपकिरी पट्ट्यांचं, आणि जन्मल्या जन्मल्या पळत सुटतं. त्यातली दोन पहिल्याच दिवशी पाण्याच्या ताटलीत बुडून मेली. मग त्याने ताटलीत काचेच्या गोट्या टाकल्या, म्हणजे चोच पोचेल पण पिल्लू बुडणार नाही. संध्याकाळी मला फोन आला, "मावशी, नऊ आहेत." नऊ म्हणताना त्याचा आवाज कसा होता ते मला अजून आठवतं. दहावीचा निकाल सांगताना तो तसा नव्हता.

घरच्या ग्रुपवर या सगळ्याचे फोटो आले, सोबत त्याने केलेल्या अंड्याच्या कालवणाचे आणि भाकरीचेही. खाली एकच शब्द पुन्हा पुन्हा पडत होता. स्वावलंबी. किती स्वावलंबी पोरगं आहे, आजकालच्या मुलांनी शिकावं, मोबाइल सोडून काहीतरी करतोय. कौतुक मलाही होतं आणि आहे. पण मी गेली वीस वर्षं शाळेत शिकवते, त्यामुळे कौतुकाचे शब्द मुलांवर काय परिणाम करतात हे थोडं बघितलेलं आहे. स्वावलंबी हा शब्द मला या ठिकाणी खटकला. तो का खटकला, आणि आपण मोठी माणसं या शब्दाच्या आडून कुठली जबाबदारी झटकतो, ते मांडायचा हा प्रयत्न.

सुरुवात त्या पक्ष्यापासूनच करते. बाजारात बटेर म्हणून मिळतो तो जपानी लाव्हा. 1974 साली तो अमेरिकेतून आपल्याकडे आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधकांनी त्याची पैदास करून तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवला. पाच आठवड्यांत तो खाण्याजोगा होतो, सहा-सात आठवड्यांत मादी अंडी द्यायला लागते, नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या पुढे देते. दहा-बारा ग्रॅमचं, काळ्या-तपकिरी शिंतोड्यांचं अंडं. पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक. गुण इतके असूनही हा पक्षी स्वतःची अंडी उबवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवून माणसाने त्याची खुडुक बसायची खोडच मोडून टाकली. त्यामुळे स्वावलंबनाच्या या छंदातला मुख्य पक्षीच मुळात परावलंबी आहे. त्याला उबेसाठी विजेचा बल्ब लागतो, नाहीतर कुणाची तरी कोंबडी.

दुसऱ्या खेपेला भाच्याने कोंबडीच आणली. पलीकडच्या वाड्यातल्या काकूंची एक गावरान कोंबडी खुडुक झाली होती, ती तीन आठवड्यांच्या बोलीवर घेतली. काकूंनी अट घातली की तिला रोज दाणा हाताने घालायचा आणि परत करताना चार पिल्लं द्यायची. लाव्ह्याची अंडी नाजूक असतात, कोंबडीच्या पायाखाली तीन फुटली. बाकीच्यांतून बरीच निघाली. लगेच ती वेगळी काढावी लागली, कारण एवढ्याशा पिल्लांवर कोंबडीचा पाय पडला की संपलंच. वीज लागली नाही, थर्मोस्टॅट लागला नाही, काकू लागल्या. हे त्याला समजलं होतं. फोटोखाली लिहिणाऱ्यांना कळायचा प्रश्नच नव्हता, कारण फोटोत काकू नव्हत्या.

गावातल्या एकाने त्याला घाबरवलं, "लाव्हे पाळतोस? वनखात्याची गाडी येईल." ही भीती अगदीच हवेतली नव्हती. आपल्या रानात, ज्वारीच्या-हरभऱ्याच्या शेतात फुर्रकन उडणारे लाव्हे आणि तित्तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. जपानी लाव्हा दिसायला त्यांच्याच गोतावळ्यातला असल्याने 2011 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बटेरपालनाला नवे परवाने देण्यावर बंधन आणलं होतं. फार्मवाल्यांची त्या काळात चांगलीच तारांबळ उडाली. पुढे ही अडवणूक सैल झाली. आज फार्मवर पैदास झालेला बटेर पाळणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने कोंबडीवाल्याइतकाच निर्धास्त आहे. शेतातून धरून आणलेला लाव्हा मात्र चालत नाही, चालू नयेही.

पण इथे थोडं थांबायला हवं. तित्तर-लाव्ह्यांबद्दल आपल्या मुलखात सगळ्यांत जास्त कुणाला कळत असेल तर ते फासेपारध्यांना. पक्ष्याची वाट कुठली, तो सांजेला कुठे उतरतो, नर कधी साद घालतो, पाळलेल्या तित्तराच्या हाकेवर रानातला कसा येतो, हे ज्ञान त्यांच्या घरात बापाकडून पोराकडे येत गेलं. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात पुढे पारधीही सापडले. 1952 साली तो कायदा देशातून गेला, पण संशय गेला नाही. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव कायद्याने त्यांचा मूळ धंदाच बेकायदा केला. पक्षी वाचले पाहिजेत याबद्दल माझं दुमत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पक्ष्याला संरक्षण देताना पक्षी जाणणाऱ्या माणसाच्या हाताला दुसरं काम दिलं गेलं नाही. ज्या बटेरच्या अंड्यांचा छंद म्हणून माझ्या भाच्याचं कौतुक होतं, तोच पक्षी पारध्याच्या पोराच्या हातात दिसला तर आधी पोलीस विचारतील, कुठून आणलास? फार्मचा असला तरी विचारतील. छंद हा शब्द कुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही, याचा हिशेब केल्याशिवाय स्वावलंबनाच्या गप्पा मला पोकळ वाटतात.

आणि तो हिशेब करायला फार लांब जायची गरज नाही. ताईच्या सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या अंगणात कोंबड्या होत्या. रात्री डालग्याखाली झाकायच्या, सकाळी उघडायच्या, कुठली तलंग अंड्यावर आली ते चालीवरून ओळखायचं, खुडुक कोंबडीखाली अमावास्या टाळून अंडी ठेवायची. त्या अंड्यांचे पैसे त्यांचे स्वतःचे असत. घरात बाकी सगळा पैसा सासऱ्यांच्या हातातून जायचा, अंड्यांचा जायचा नाही. माझ्या मेहुण्यांची शाळेची पुस्तकं कित्येक वर्षं त्या पैशातून आली. त्यांना कुणी स्वावलंबी म्हटलं नाही, छंदिष्ट तर नाहीच नाही. त्या 'कोंबड्या बघायच्या'. बायकांच्या कामाला आपल्या भाषेत असं 'बघणं' म्हणायची पद्धत आहे. ती घर बघते, म्हातारी बघते, कोंबड्या बघते.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. भाच्याची बहीण बारावीला आहे. ज्या दिवशी त्याच्या पहिल्या भाकरीचा फोटो पडला, त्या दिवशी तिने चौदा भाकऱ्या थापल्या होत्या. मी नऊ वर्षांची असताना चुलीपुढे बसले, तेव्हा 'भाकरी गोल येत नाही' एवढंच ऐकलं. मुलाच्या भाकरीला टाळ्या आणि मुलीच्या भाकरीला 'अजून दोन टाक' हे नवीन नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण टाळ्यांनी मुलाचंही नुकसान होतं, ते लिहायला हवं. टाळी मिळाली की काम संपतं. भाकरीचं काम रोजचं आहे, ते संपत नाही.

भाच्याची भाकरी खरं म्हणजे टाळ्यांमुळे सुधारली नाही. तीन दिवस त्याची भाकरी परातीतच तडकत होती. तो पाण्याला दोष देत होता, तव्याला देत होता. त्याच्या बहिणीने पिठात बोट घालून सांगितलं, "पिठाची विरी गेलीय. महिन्यापूर्वीचं दळण आहे हे. उकळतं पाणी घाल आणि रगडून मळ." ज्वारीच्या पिठाला चिकटपणा असतो, त्याला विरी म्हणतात, दळण जुनं झालं की ती जाते. गरम पाण्याने पीठ थोडं बांधलं जातं. त्याने उकळी काढून पाणी ओतलं, तळहाताच्या टाचेने पीठ रगडलं, आणि चौथ्या दिवशी भाकरी तव्यावरून उतरून जाळावर गेल्यावर टम्म फुगली. ज्या मुलीच्या एका बोटात एवढं शास्त्र आहे, तिला आपण हे 'येतंच' असं धरून चालतो. मुलाने पाककृती व्हिडिओत पाहिली होती. विरी व्हिडिओत दिसत नाही.

मुलांना काहीतरी मरू शकेल असं सांभाळायला द्यावं, या मताची मी आहे. रोपटं चालेल, पण रोपटं फार सोशिक असतं; दोन दिवस पाणी चुकलं तर माफ करतं. पिल्लू माफ करत नाही. तीन आठवड्यांनी भाच्याच्या नऊ पिल्लांच्या छातीवर पिसं आली. ज्यांची छाती सरळ तांबूस ती नर, ज्यांच्यावर काळे ठिपके त्या माद्या. पाच नर, चार माद्या. तीन माद्यांमागे एक नर पुरतो. जास्त झाले तर नर एकमेकांची डोकी टोचून रक्त काढतात, माद्यांचीही पाठ सोलतात. ही गोष्ट कुठल्याच उत्साही व्हिडिओत सुरुवातीला सांगत नाहीत. अंड्यांसाठी पक्षी पाळायचे तर निम्मे नर जन्माला येणार, त्यांचं काय करायचं? मोठ्या लेअर हॅचरीत, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची पिल्लं जिथे काढतात तिथे, नर पिल्लांना पहिल्याच दिवशी मारलं जातं, आणि आपण दुकानातून अंड्यांचा ट्रे आणताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण तो दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी सोडवलेला असतो.

भाच्याला पडला. तो मला म्हणाला, "मावशी, विकून टाकू का?" मी म्हटलं, विक, पण घेणारा काय करणार ते तुला माहीत आहे. चार दिवस तो गप्प होता. मग पहिला नर मेहुण्यांनी कापला, दुसरा त्याने. सुकं खोबरं आणि कांदा विस्तवावर भाजून, लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटून, चमचाभर कांदा-लसूण मसाला घालून त्याने कालवण केलं. पावणेदोनशे ग्रॅमचा पक्षी, त्यात खायला असं असतं तरी काय! ताईच्या सासूबाईंनी रस्सा घेतला, फोड घेतली नाही. "अंगणात फिरलेलं मी कधी खाल्लं नाही," म्हणाल्या. पन्नास वर्षं पाहुण्यांना त्यांनी तेच वाढलं होतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शाकाहारी वाचकांना इथे मुलाला हिंसा शिकवली असं वाटेल. मला ते पटत नसलं तरी मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. ज्याला तो प्रश्न चार दिवस छळतो तो पुढे मांस सोडूही शकतो, आणि ते सोडणं समजून सोडलेलं असेल. माझा वाद आहे तो पॅकेटातलं बोनलेस खाणाऱ्या आणि मुलांना 'ई, कसं रे कापलंस' म्हणणाऱ्या आमच्या पुण्यातल्या सोसायटीशी.

आता शाळेकडे येते. हा भाग मला जवळचा, म्हणून जरा कडवट होईल. आपल्या राज्यात दहावीला खेळाचे, चित्रकलेच्या परीक्षांचे, लोककलांचे वाढीव गुण मिळतात. माझ्या ओळखीचे काही शिक्षक उत्साहाने म्हणतात की शेती, कुक्कुटपालन, स्वयंपाक यांनाही गुण द्या. मी विरोधात आहे. गुण आले की प्रमाणपत्र येतं, प्रमाणपत्र आलं की ते देणारी क्लासची दुकानं येतात, आणि वर्षभरात 'बटेरपालन प्रकल्प' नावाची स्पायरल बाइंडिंगची वही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायला लागते. पर्यावरण विषयाच्या प्रकल्पांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पिल्लू मेलं तर मुलगा ते लपवील, कारण गुण जातील. आत्ता तो सांगतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावं, ही गांधीजींची मांडणी तिथे पुढे आली; नई तालीम या नावाने आपण ती ओळखतो. मला त्यातली हाताने शिकण्याची बाजू पूर्ण पटते. पण त्याच मांडणीत आणखी एक अपेक्षा होती, की मुलांच्या हातच्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा, विशेषतः शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघावा. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि माझ्या मते रास्त झाली. मूल शिकण्यासाठी काम करतंय की शाळा चालवण्यासाठी, ही रेघ एकदा पुसली की गरीब मुलाची शाळा कारखाना होते आणि श्रीमंताच्या मुलाची शाळा तशीच राहते. स्वावलंबन हा शब्द शिक्षणात वापरताना तेव्हापासूनच सांभाळून वापरायला हवा होता.

त्यापेक्षा मला पाबळची वाट जास्त पटते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. स्वतः शास्त्रज्ञ असलेल्या माणसाने कोरडवाहू गावात जाऊन, शाळेत न टिकलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन आणि स्वयंपाक-आरोग्य अशी चारही अंगांची कामं शिकवली. त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या काही शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस चालतो. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे पक्षी पाळणं आणि पोळी लाटणं मुलग्यांच्या आणि मुलींच्या सारखंच वाट्याला येतं, दोन्ही 'विषय' आहेत, आणि कामाचा हिशेब, म्हणजे खाद्य किती गेलं, वजन किती भरलं, लिहून ठेवावा लागतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावं असं म्हटलंय. दहा दिवसांत बटेरचं अंडंसुद्धा उबत नाही! पण सुरुवात म्हणून ठीक आहे. निदान गावातल्या काकूंना शाळेच्या वहीत 'शिक्षक' म्हणून जागा मिळेल. मिळायला हवी, आणि मानधनही.

आणि आता ती बाटली. भाच्याने बटेरसोबत गावरान कोंबड्याही घेतल्या, चौदा. आजीने आधीच सांगितलं होतं, मानमोडी आली की एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडी सुस्तावते, हिरवट हगते, मान वळून पाठीवर जाते. (1918 च्या तापाच्या साथीलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत; इतकी ती भीती जुनी आहे.) बटेर या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, कोंबडी देते. उपाय साधा आहे, लासोटाची लस. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढे पुन्हा. अशा लसी पुण्यातल्या औंधच्या सरकारी संस्थेत आपल्याच राज्यात बनतात.

अडचण अशी की त्यांच्या भागात मिळते ती लहानात लहान बाटली 100 डोसची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावण घालून विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. चौदा कोंबड्यांसाठी शंभर डोस. पैशाचा प्रश्न नाही, बाटली फार महाग नसते. पण दवाखान्यात 'चौदा कोंबड्यांसाठी कुठे बाटली फोडू' असं उत्तर मिळतं, आणि उत्तर देणाऱ्याचंही अगदीच चूक नसतं.

मला वाटतं, या एका बाटलीत आपल्या धोरणाची सगळी नजर दिसते. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली जवळपास 32 कोटी परसातली होती. परसातली म्हणजे चौदा, वीस, पाच अशी. आणि योजना? राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून ग्रामीण कुक्कुटपालनाला 50 टक्के, 25 लाखांपर्यंत अनुदान आहे. अट, किमान 1000 अंडी देणाऱ्या माद्यांचा पैदास प्रकल्प. हजाराला पंचवीस लाख, चौदाला बाटली फुटत नाही. हजारवाल्याला मदत मिळू नये असं मी म्हणत नाही. पण सोळा वर्षांचं पोरगं आणि ऐंशी वर्षांची म्हातारी यांच्यातलं जे काम देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त कोंबड्या जगवतं, त्याला लसीचा एक दिवस तरी द्या. गुरांना लाळ्या-खुरकूतची लस द्यायला सरकारी पथक दारात येतं. तसंच महिन्यातून एका ठरलेल्या वारी ग्रामपंचायतीपुढे बाटली फुटेल, ज्याला आणायचंय त्याने कोंबड्या घेऊन या. याला बजेट लागत नाही, वार लागतो.

याच्या विरोधात एक आक्षेप आहे आणि तो खराच गंभीर आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला पुन्हा. दोन्ही वेळा आजारी फार्मच्या परिघातल्या घरगुती कोंबड्याही मारल्या गेल्या. तज्ज्ञांचं म्हणणं असं की परसातल्या पक्ष्यांवर लक्ष ठेवता येत नाही, मोकळे फिरतात, रानपक्ष्यांत मिसळतात, म्हणून ते धोक्याचे. खरं आहे. पण लक्ष ठेवायचं तर त्या घराशी काही संबंध असायला हवा ना? जो दवाखाना लसीला दार उघडत नाही, त्याला कोंबड्या मरायला लागल्या की कोण कळवणार? मेलेली कोंबडी उकिरड्यावर जाते, आणि बातमीही तिच्याबरोबर जाते. भाचा मात्र मेलेल्या पक्ष्याची तारीख वहीत लिहितो. अशी वही ज्या घरात आहे ते घर खात्याचे फुकटचे डोळे आहेत.

शहरातला दुसरा आक्षेप वासाचा. बटेरच्या विष्ठेला अमोनियाचा वास कोंबडीपेक्षा जास्त मारतो, हे मी नाकाने सांगते. सदनिकेच्या बाल्कनीत हा छंद करू नये, शेजारी तक्रार करतील आणि त्यांची तक्रार बरोबर असेल. आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी एवढंच करते: सुट्टीत दोघा-तिघांना ताईकडे नेते. त्यातला एक जण पिल्लाला हात लावायला घाबरत होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच बल्बची उंची कमी केली, कारण पिल्लं कोपऱ्यात गोळा झाली होती. गोळा झाली म्हणजे थंडी वाजतेय, बल्बपासून लांब पांगली म्हणजे तापतंय. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाटलीचं पुढे काय झालं? भाच्याने गावातल्या घरांची यादी केली. कुणाकडे किती, वहीत. काकूंकडे अकरा, माळ्याच्या वस्तीवर तेवीस, पारध्यांच्या पालावर नऊ, अशी करत करत शहाण्णव जमली. ती वही घेऊन तो दवाखान्यात गेला तेव्हा बाटली फुटली. रविवारी सकाळी आठला शाळेच्या कट्ट्यावर डालगी, झाकलेल्या पाट्या, कुणी पिशवीतून फक्त मान बाहेर काढलेली. मीही होते. बर्फाच्या डब्यातून बाटली निघाली, घड्याळ लावलं, ताईची लेक एकेक कोंबडी पंखांखाली धरायची, भाचा डोळ्यात थेंब टाकायचा, कोंबडीने डोळा मिटून उघडला की पुढची. पालावरच्या एका पोराने नऊच्या नऊ कोंबड्या अशा शांत धरल्या की एकीनेही पंख झाडला नाही. भाच्याने त्याला विचारलं, "कसं धरतोस रे?" त्याने दाखवलं, अंगठा कुठे ठेवायचा ते. साडेनऊला शेवटचे पाच थेंब उरले होते आणि काकूंची एक कोंबडी चिंचेवर बसली होती, तिला उतरवायला दोघे वर चढले.